सीलच्या फुफ्फुसाची स्लाइड: शवविच्छेदनाच्या टेबलापासून सूक्ष्मदर्शकापर्यंत

कुत्रा, म्हैस, शेळी यांच्या फुफ्फुसांवर नजर बसलेला माणूस सीलची पहिली स्लाइड बघतो तेव्हा दोनपैकी एक चूक हमखास करतो. एक तर निरोगी फुफ्फुसाला न्यूमोनिया ठरवतो, नाहीतर अगदी बारीक नळीला ‘ब्राँकस’, म्हणजे मोठी श्वासवाहिनी, म्हणून मोकळा होतो, कारण तिच्या भिंतीत कूर्चा दिसते. मी दोन्ही केल्या आहेत. पहिलीचं मूळ स्लाइडवर नसतंच, ते टेबलावर असतं. दुसरीचं मूळ आपण पाठ केलेल्या व्याख्येत असतं.

पुढची कृती उत्तर समुद्राच्या किनाऱ्यांवर सापडणारा हार्बर सील, म्हणजे फोका व्हिट्युलिना, समोर ठेवून लिहिली आहे. हा बाहेरचे कान नसलेल्या ‘खऱ्या’ सीलांच्या, म्हणजे फोसिड कुळातला. सी लायन आणि फर सील कानवाल्या ओटारिड कुळातले. त्यांची फुफ्फुसं जिथे वेगळी पडतात तिथे तसं सांगितलं आहे. हा फरक सोडून दिला तर शेवटच्या टप्प्यात गोंधळ ठरलेला.

टप्पा १: सुरी उचलण्याआधी

परवानगी आधी. मेलेला सील वाळूत दिसला म्हणून तो कुणालाही कापता येत नाही. अमेरिकेत १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याखाली अधिकृत पथकांनाच हे काम करता येतं, आणि युरोपातल्या किनारी देशांतही ठरलेल्या संस्थाच ते करतात. भारताच्या किनाऱ्यावर सील राहत नाहीत. आपला संबंध येतो तो अंटार्क्टिकात, मैत्री आणि भारती केंद्रांच्या परिसरात. तिथे २०२२ चा भारतीय अंटार्क्टिक कायदा लागू आहे, तेव्हा परवान्याआधी नमुन्याचा विचारही करू नका.

मग ताजेपणा. बाहेर थंडी आहे म्हणून आतलं फुफ्फुस टिकलं असेल, हा समज सोडा. चरबीचा जाड थर गोधडीसारखा असतो. तो जिवंतपणी ऊब धरतो आणि मेल्यावरही धरतो, त्यामुळे सील आतून भराभर कुजतो. वायुमार्गांचा अभिस्तर, म्हणजे आतलं पेशींचं अस्तर, तर काही तासांतच सुटायला लागतो. किनाऱ्यावर सापडलेल्या प्राण्यांना अवस्थेप्रमाणे १ ते ५ क्रमांक देतात: १ म्हणजे जिवंत, २ म्हणजे नुकता मेलेला, ५ म्हणजे वाळलेला सांगाडा. सूक्ष्मरचना शिकायची असेल तर २ च हवा. ३ वर कूर्चा, स्नायू आणि लवचिक तंतू अजून वाचता येतात, पण अभिस्तराबद्दल काही लिहू नका.

वेळ नाही म्हणून शव गोठवून ठेवणं हा सर्वांत महागात पडणारा शॉर्टकट आहे. बर्फाचे स्फटिक वायुकोशांच्या भिंती फोडतात आणि स्लाइडवर जाळीदार भोकं उरतात. शव ४ अंशांच्या आसपास थंड ठेवा, गोठवू नका.

सावधान: सीलच्या फुफ्फुसातून माणसाला लागू शकणारे आजार खरे आहेत. क्षयाच्या जंतूंच्या गटातला मायकोबॅक्टेरियम पिनिपेडी, ब्रुसेला पिनिपेडिॲलिस, आणि बर्ड फ्लू. २०२२ मध्ये अमेरिकेच्या मेन राज्यात एच५एन१ ने सील मेले. एन-९५ किंवा त्याहून वरच्या दर्जाचा मास्क, डोळ्यांना संरक्षण आणि दुहेरी हातमोजे घाला. गर्भवती सहकाऱ्याला या टेबलापासून दूर ठेवा. बोट कापलं आणि सुजलं तर डॉक्टरांना ‘सील हाताळला होता’ हे स्वतःहून सांगा. ‘सील फिंगर’ नावाचा हा संसर्ग मायकोप्लाझ्माशी जोडलेला आहे. त्या जंतूला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे पेनिसिलिन निरुपयोगी ठरतं आणि टेट्रासायक्लिन गटातलं औषध लागतं.

टप्पा २: टेबलावरचा क्रम

हा क्रम उलटा झाला की मागे फिरता येत नाही.

१. छाती उघडून फुफ्फुसं जागेवर असतानाच फोटो घ्या. ती हवा धरून आहेत की बसली आहेत, ते लिहा.

२. जंतू आणि विषाणू तपासणीचे नमुने सर्वांत आधी, निर्जंतुक सुरीने घ्या. ऊती टिकवणाऱ्या फॉर्मेलिनचा एक थेंब पडला तरी जिवाणू वाढवण्याची तपासणी गेली.

३. हृदय, श्वासनलिका आणि दोन्ही फुफ्फुसं एकत्र बाहेर काढा. श्वासनलिका दोन ब्राँकसमध्ये कुठे फुटते ते नोंदवा. फोसिडमध्ये हा फाटा फुफ्फुसांजवळ असतो, ओटारिडमध्ये बराच पुढे, मानेकडे.

४. एक फुफ्फुस फुगवण्यासाठी अखंड ठेवा. दुसरं उघडून बघायला आणि तुकडे घ्यायला वापरा.

५. उघडलेल्या फुफ्फुसातले दोन-तीन तुकडे न फुगवता थेट फॉर्मेलिनमध्ये टाका.

पाचवी पायरी लोक वगळतात. द्रव आत सोडला की नळ्यांतला स्राव, पू, सूज आणि बारीक जंत जागेवरून हलतात. फुगवलेला तुकडा रचना दाखवतो, न फुगवलेला तुकडा आत काय साचलं होतं ते दाखवतो. दोन्ही हवेत.

मुख्य ब्राँकस उघडून जंत बघा. कोवळ्या हार्बर सीलांत ऑटोस्ट्रॉन्गिलस सर्कमलिटस हा जाडजूड फुफ्फुसकृमी मोठ्या नळ्यांत गुंता करून बसतो. तो साध्या डोळ्यांनी दिसतो. तिथे गुंता असेल तर त्याच्या पलीकडे फॉर्मेलिन पोचणार नाही, आणि ‘हा खंड फुगतच नाही’ म्हणून तुम्ही दाब वाढवत बसाल.

टप्पा ३: फुगवणं

सगळ्या लेखातला हा टप्पा नीट वाचा, बाकी थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल.

मेलेल्या सीलचं फुफ्फुस छातीबाहेर काढलं की आक्रसतं. त्यातून सीलच्या रक्तात लाल पेशींचं प्रमाण भरपूर, आणि केशवाहिन्या रक्ताने तुंबलेल्या. अशा आक्रसलेल्या ऊतीचा काप घेतला तर वायुकोशांच्या भिंती एकमेकींना चिकटून जाड दिसतात, मोकळी जागा दिसतच नाही, आणि अहवालात ‘इंटरस्टिशियल न्यूमोनिया’ (वायुकोशांच्या भिंतींचा दाह) उमटतो. माझ्या पहिल्या अहवालावर वरिष्ठांनी एकच प्रश्न लिहून परत पाठवला होता: ‘फुगवलं होतं का?’

कृती अशी:

१. १० टक्के बफर केलेलं फॉर्मेलिन तयार ठेवा. एक लिटरसाठी १०० मिलि बाजारी फॉर्मेलिन, ९०० मिलि पाणी, ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट आणि ६.५ ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट.

२. ब्राँकसमध्ये बसेल अशी नळी घालून दोऱ्याने घट्ट बांधा.

३. फॉर्मेलिनची बाटली अशी टांगा, की तिच्यातल्या द्रवाची पातळी ब्राँकसच्या २० ते २५ सेंटीमीटर वर राहील. सिरिंजने जोर लावू नका, उंचीलाच काम करू द्या.

४. वाट बघा. सीलच्या नळ्या ताठ असतात, त्या लगेच भरतात आणि काम झालंसं वाटतं. वायुकोश मागाहून उघडतात. कडा गोलसर आणि पृष्ठभाग सुरकुतीविना दिसेपर्यंत थांबा.

५. ब्राँकस बांधून टाका आणि फुफ्फुस त्याच्या किमान दहापट फॉर्मेलिनमध्ये बुडवा. ते तरंगणारच, म्हणून वर ओलं गॉझ पांघरा. नाहीतर वरची बाजू कोरडी पडते आणि नेमका तिथलाच तुकडा कुणीतरी कापतो.

६. २४ ते ४८ तासांनी जाड चकत्या करा आणि त्या ताज्या फॉर्मेलिनमध्ये आणखी एक दिवस ठेवा.

पूर्ण फुफ्फुस फुगवण्याची सोय नसेल तर मुठीएवढ्या तुकड्यात दिसणाऱ्या नळीतून बोथट सुईने हळूहळू फॉर्मेलिन सोडा. परिणाम सगळीकडे सारखा येत नाही, पण काहीच न करण्यापेक्षा कितीतरी बरा.

सावधान: दाब जास्त झाला की फुफ्फुसावरणाखाली आणि खंडिकांमधल्या पडद्यांत बुडबुडे उठतात. स्लाइडवर ते एम्फिसीमासारखे, म्हणजे फुफ्फुसात हवा कोंडून फुगण्याच्या आजारासारखे, दिसतात. म्हणूनच टप्पा २ मधला फोटो हवा. फुगवण्याआधी बुडबुडे नव्हते, तर ते तुमचेच.

तपासून घ्या: कापलेली चकती स्पंजसारखी दिसते का? मधोमध लालसर, गच्च पट्टा असेल तर तिथे फॉर्मेलिन पोचलेलं नाही किंवा तिथे खरोखर आजार आहे. दोन्हींत फरक करायला तो भाग वेगळा घेऊन तसं लेबल लावा.

टप्पा ४: कुठले तुकडे, कुठल्या दिशेने

एका फुफ्फुसाचा एक तुकडा म्हणजे काहीच नाही. कमीत कमी हे घ्या: श्वासनलिकेचं मधलं कडं, मुख्य ब्राँकस, आणि पुढच्या व मागच्या खंडांतून प्रत्येकी तीन तुकडे, म्हणजे मुळाजवळचा, मधला आणि कडेचा. कडेच्या तुकड्यात फुफ्फुसावरण आलंच पाहिजे. तुकडा ३ ते ४ मिलिमीटरपेक्षा जाड नको.

दिशेचा मुद्दा इथे इतर प्राण्यांपेक्षा महत्त्वाचा आहे. सीलच्या फुफ्फुसात बघण्यासारखी खरी जागा म्हणजे नळी संपून वायुकोश सुरू होतात तो सांधा. नळी आडवी कापली तर तिचं एक वर्तुळ दिसतं आणि ते वर्तुळ सांध्याच्या आधीचं की नंतरचं हे कळत नाही. कडेच्या भागातले निदान दोन तुकडे असे ठेवा, की नळी लांबीच्या दिशेने कापली जाईल. नशिबाने एका कापात सगळा सांधा येतो. बहुतेकदा येत नाही, मग एकामागोमाग काप घेऊन शोधावा लागतो.

टप्पा ५: मेण, कूर्चा आणि मायक्रोटोम

अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्या (७०, ८०, ९५, १०० टक्के), झायलीन, मग वितळलेलं पॅराफिन, हे नेहमीचंच. फरक दोन. पहिला: फुफ्फुसात हवा अडकते, म्हणून मेणाचा शेवटचा टप्पा निर्वाताखाली करा, नाहीतर ब्लॉकमध्ये पोकळ्या राहतात. दुसरा: कूर्चा. कुत्र्याच्या फुफ्फुसाच्या कडेच्या तुकड्यात कूर्चेची चिंता नसते, सीलच्या तुकड्यात ती जवळपास सगळीकडे असते. मऊ वायुकोश आणि कडक कूर्चा शेजारीशेजारी, त्यामुळे मायक्रोटोमचं, म्हणजे काप घेणाऱ्या यंत्राचं, पातं कूर्चेवर अडखळतं आणि काप फाटतो.

ब्लॉकचं तोंड उघडलं की तो बर्फावर ओल्या कापडात थोडा वेळ ठेवा. पातं नवीन घ्या. काप ४ ते ५ मायक्रॉनचा. काप ज्यावर पसरतो त्या पाण्याचं तापमान ४२ ते ४५ अंश. जास्त गरम झालं तर वायुकोश पसरून फाटतात आणि कूर्चा घडी घालते. स्लाइड लेप दिलेल्या वापरा, कारण साध्या काचेवरून कूर्चेचे तुकडे रंजनाच्या वेळी सुटून वाहून जातात. मग वाचणाऱ्याला वाटतं, इथे कूर्चा नव्हतीच. नेमका तोच तर प्रश्न होता!

प्रौढ प्राण्यात कूर्चेत कॅल्शियम साचलेलं असू शकतं. पातं करकरलं तर तुकडा परत काढून उदासीन पीएचच्या ईडीटीएमध्ये, म्हणजे कॅल्शियम काढून घेणाऱ्या द्रावणात, ठेवा. ते हळू चालतं, पण रंजन बिघडवत नाही. तीव्र आम्लाने काम लवकर होतं आणि केंद्रकांचा रंग जातो.

टप्पा ६: रंग

सगळ्यांवर आधी हिमॅटॉक्सिलिन-इओसिन (केंद्रकं निळी, बाकी बहुतेक गुलाबी). तेवढ्यावर थांबू नका, कारण सीलच्या बारीक नळीत ‘हा स्नायू की तंतुमय ऊती’ हा प्रश्न येतोच आणि गुलाबीवर गुलाबी त्याचं उत्तर देत नाही. कडेच्या तुकड्यांना मॅसन ट्रायक्रोम करा: स्नायू लाल, कोलॅजन निळं. लवचिक तंतूंसाठी व्हेरहॉफ-व्हॅन गीसन. यात फेरिक क्लोराइडने रंग उतरवताना दर काही सेकंदांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघा. वायुकोशांच्या दारातले बारीक तंतू सगळ्यांत आधी फिके पडतात. ग्रंथी आणि श्लेष्मा स्रवणाऱ्या चषक पेशींसाठी ॲल्शियन ब्लू-पास. गाठी दिसल्या तर क्षयाचे जंतू दाखवणारं झील-नील्सन विसरू नका.

टप्पा ७: वाचन, आणि तेही याच क्रमाने

सरळ ४० च्या भिंगावर उडी मारू नका. सुरुवात ४ च्या भिंगाने.

*पहिला प्रश्न: फुगलं आहे का?* वायुकोश उघडे नसतील तर भिंतींच्या जाडीबद्दल एक शब्दही लिहू नका. त्या स्लाइडवर फक्त मोठ्या नळ्या वाचा.

*दुसरा: फुफ्फुसावरण आणि पडदे.* सीलचं फुफ्फुसावरण कुत्र्यापेक्षा जाड असतं, लवचिक तंतूंनी भरलेलं, आणि त्यातून संयोजी ऊतीचे पडदे आत उतरतात. म्हशीचं फुफ्फुस पाहिलेल्यांना पडद्यांचं नवल वाटणार नाही, कुत्र्या-मांजरांवर शिकलेले मात्र इथे ‘फायब्रोसिस’ (आजाराने तंतुमय ऊती वाढणं) लिहून बसतात. जाडी सगळीकडे सारखी आणि पेशींची गर्दी नाही, तर ती रचना आहे.

*तिसरा: मोठ्या नळ्या.* आतून बाहेर जा. पक्ष्माभिका (हलणारे सूक्ष्म केस) असलेला आभासी-स्तरित अभिस्तर, मधे चषक पेशी, खाली ग्रंथी, स्नायू, कूर्चा. इथे ओळखीचंच सगळं आहे. एक अपवाद: वेडेल, लेपर्ड आणि रॉस सीलांच्या श्वासनलिकेत पूर्ण कड्यांऐवजी पोटाकडच्या बाजूला आखूड पट्ट्याच असतात आणि नलिका चपटी पडते. अंटार्क्टिकाचा नमुना हातात आला तर ‘श्वासनलिका खचली’ असं लिहायच्या आधी हे आठवा.

*चौथा: कूर्चा कुठे संपते?* इथेच व्याख्या दगा देते. आपण शिकतो की कूर्चा असेल तर ब्राँकस, नसेल तर ब्राँकिओल. सीलमध्ये कूर्चेचे छोटे, वेडेवाकडे तुकडे खूप बारीक नळ्यांपर्यंत जातात. फोसिडमध्ये वायुकोशांच्या अगदी अलीकडे कूर्चा थांबते आणि एक छोटा टप्पा उरतो, ज्याची भिंत स्नायूने जाड झालेली असते. ओटारिडमध्ये हा टप्पाही नाही: कूर्चा जवळजवळ वायुकोशांच्या दारापर्यंत पोचते. त्यामुळे लेबल नसलेली स्लाइड आली तरी सांध्यावर बघून कुळ सांगता येतं. कूर्चेला लागून वायुकोश असतील तर सी लायन किंवा फर सील, मधे स्नायूची बाही असेल तर खरा सील.

कारण समजलं की हे लक्षात राहतं. खोल पाण्यात दाबाने वायुकोश मिटतात आणि आतली हवा या ताठ नळ्यांत ढकलली जाते, जिथून नायट्रोजन रक्तात उतरत नाही. शरीरक्रियाशास्त्रज्ञ शोलँडरने १९४० मध्ये ही कल्पना मांडली. १९८५ मध्ये मोकळ्या पोहणाऱ्या वेडेल सीलांच्या धमनीतल्या रक्तातला नायट्रोजन मोजला, तेव्हा २५ ते ५० मीटर खोलीवरच फुफ्फुसं मिटतात असं दिसलं. वर येताना वायुकोश पुन्हा उघडायचे, तर वाट मोकळी हवी. कूर्चा ती वाट धरून ठेवते.

*पाचवा: वायुकोश.* भिंती, केशवाहिन्या, आतल्या भक्षक पेशी. डॉल्फिनच्या भिंतीत केशवाहिन्यांच्या दोन रांगा असतात आणि त्याच्या शेवटच्या नळ्यांत स्नायूंची वळी असतात. ते चित्र डोक्यात ठेवून सीलची स्लाइड वाचू नका. ‘समुद्री सस्तन प्राणी’ हा एकच गठ्ठा नाही.

तपासून घ्या: चौथ्या प्रश्नाचं उत्तर एकाच कापावरून दिलंय का? शेजारचे चार-पाच काप बघा. कूर्चेचे तुकडे सुटे असतात, दोन तुकड्यांमधून काप गेला की नळी बिनकूर्चेची दिसते.

टप्पा ८: फसवणारे डाग, आणि अहवालातले शब्द

तपकिरी-काळे बारीक कण रक्ताजवळ सगळीकडे पसरलेले दिसले, तर आधी फॉर्मेलिनवर संशय घ्या. बफर नसलेल्या, आम्ल झालेल्या फॉर्मेलिनमध्ये हिमोग्लोबिनपासून हे रंजक बनतं, आणि रक्ताळ सीलच्या फुफ्फुसात भरपूर बनतं. अल्कोहोलमधल्या संपृक्त पिक्रिक आम्लाने ते निघतं. जुन्या रक्तस्रावातून उरणारं लोहाचं हिमोसिडेरिन निघत नाही.

वायुकोशांत केसासारखे जंत आणि त्यांच्या अळ्या दिसल्या तर तो पॅराफिलॅरॉइड्स. रानातल्या सीलमध्ये थोडेफार जंत सापडणं नवल नाही. भोवतीची प्रतिक्रिया किती, ते लिहा. जिवाणूंचे पुंजके दिसले पण शेजारी एकही दाहपेशी नाही, तर ते बहुधा मेल्यानंतरचे. सुटलेला अभिस्तर नळीत पट्टीसारखा पडलेला, पक्ष्माभिका शाबूत आणि खाली रक्तस्राव नाही, तर तोही मेल्यानंतरचा.

याउलट ब्राँकसच्या अभिस्तरात गुलाबी अंतःस्थ पिंड (पेशीत साचलेले विषाणूचे पुंजके) आणि अनेक केंद्रकांच्या जोडपेशी दिसल्या, तर थांबा. हे सील डिस्टेंपर या विषाणूजन्य आजाराचं चित्र आहे, ज्याने १९८८ आणि २००२ मध्ये उत्तर युरोपात हजारो हार्बर सील मेले. विषाणू तपासणीसाठी वेगळा गोठवलेला नमुना लगेच प्रयोगशाळेला पाठवा. तो टप्पा २ मध्ये घेतला असेल तरच हाताशी असेल.

अहवालात बारीक नळ्यांना ‘ब्राँकस’ किंवा ‘ब्राँकिओल’ म्हणून सोडून देऊ नका. ‘कूर्चायुक्त लहान वायुमार्ग, अंतर्व्यास इतके मायक्रॉन’ किंवा ‘बिनकूर्चेचा, स्नायुयुक्त अंतिम वायुमार्ग’ असं लिहा. शेजारी प्राण्याची जात, अंदाजे वय, मृतावस्थेचा क्रमांक, तुकडा कुठल्या खंडातून घेतला, आणि फुगवला होता की नाही, हे पाचही लिहा. शेवटची गोष्ट स्लाइडच्या लेबलवरही पेन्सिलने लिहा: ‘फु’ किंवा ‘न’. वर्षभराने खोक्यातून तीच स्लाइड काढाल तेव्हा अहवाल शेजारी नसेल.